आमच्या वर्गातला समुद्र



आज आपण सातवीच्या वर्गात याल तेव्हा उंबऱ्यापाशी जरा थांबा. समोरच्या भिंतीवर समुद्र आहे. खाली पिवळसर वाळू, बाजूला माडाची दोन झाडे, मध्ये एक होडी, आणि वर मावळणारा सूर्य. बघायला येणारे बहुतेक जण दारातच म्हणतात, "आपल्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र कुठून आला गं पोरींनो?" या प्रश्नाचे उत्तर मला या निबंधात द्यावयाचे आहे. जाता जाता माझी एक चूकही कबूल करावयाची आहे. भित्तिपत्रकात चूक लिहायची म्हणजे साऱ्या गावाला सांगायची. पण बाई म्हणाल्या, "खरे लिहिणार असशील तरच लिही." म्हणून लिहिते.

त्याचे असे झाले. २०२४ साली राज्यात 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान झाले, तेव्हा आमच्या शाळेचा व्हरांडा रंगला. पाढे, महिने, फळे, फुले अशा बोलक्या भिंती झाल्या. पण आमच्या वर्गाच्या आतल्या भिंती तशाच राहिल्या होत्या. चुन्याचे पोपडे पडायचे आणि खाली बसणाऱ्याच्या वहीवर यायचे. या वर्षी आम्हाला नवीन बाई आल्या. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या. पण त्यांची पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेवर होती. तिथे बरीच वर्षे शिकवून त्या आंतरजिल्हा बदलीने इकडे आल्या. येताना त्यांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत समुद्रावरची वाळू आणि शंख-शिंपले आणले होते. ती बरणी त्यांच्या टेबलावर असे.

जुलै महिन्यात पावसाने ओढ दिली होती. सोयाबीन माना टाकीत होते. त्या दिवसांत एकदा बाई म्हणाल्या, "आपण आपला वर्ग सजवू. काय काढू या?" कोणी म्हणाले नळदुर्गचा किल्ला, कोणी म्हणाले चांद्रयान, कोणी तुळजापूरचे देऊळ. मग कोणाचे तरी लक्ष बरणीकडे गेले आणि तो म्हणाला, "बाई, समुद्र!"

बाईंनी विचारले, "समुद्र कोणी कोणी पाहिला आहे? हात वर करा."

आम्ही ३१ जण. एकही हात वर झाला नाही. थोड्या वेळाने शेवटच्या ओळीतून एक हात हळूच वर आला. तो आमच्या वर्गातला एक मुलगा. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयत्याला जातात, म्हणजे ऊसतोडीला. तोही बरोबर जातो आणि पाडव्याच्या सुमारास परत येतो. त्यामुळे त्याचे वाचन आमच्यापेक्षा थोडे मागे आहे आणि तो वर्गात फारसे बोलत नाही.

"कुठे पाहिलास?" बाईंनी विचारले.

"उजनीला," तो म्हणाला. "पल्याडचा काठ दिसत न्हाई, बाई. वारं सुटलं की लाटा बी येत्यात. लांब पायांची पाखरं बी असत्यात, गुलाबी गुलाबी."

सगळा वर्ग हसला. आणि मला सांगायला लाज वाटते, सगळ्यांच्या आधी मी हसले. एवढेच नाही, मी मोठ्याने म्हणाले, "अरे, ते धरण हाय! समुद्र आन् धरण सारखंच व्हय?" तो खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'यशवंतसागर'. म्हणाल्या, "भीमा नदीवरच्या उजनी धरणाचे काम १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे नाव यशवंतसागर. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, तीच ती गुलाबी पाखरे. धाराशिव शहरालाही तिथूनच पाणी येते. आता सांगा, ३१ जणांत सागर पाहिलेला कोण?"

वर्ग गप्प झाला. बाई पुढे म्हणाल्या, "कोकणातल्या माझ्या मुलांनी ज्वारीचे कणीस शेतात उभे पाहिलेले नव्हते. मी त्यांना सांगायची, आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येते. ती विचारायची, बाई, पाणी गाडीत कसे बसते? तेव्हा तिथलेही काही जण हसले होते. ज्याने जे पाहिले तेवढे त्याला ठाऊक. बाकीचे विचारायचे असते."

असा आमचा समुद्र ठरला. पण तो मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आधी आम्ही कागदावर चित्र काढले. एका मुलाने मोबाइलमध्ये बघून रंगीत छत्र्या काढल्या, छत्र्यांखाली खुर्च्या आणि खुर्च्यांवर गॉगल घातलेली माणसे. सूर्य समुद्रातून उगवताना दाखविला. चित्र छान होते. पण बाईंनी विचारले, "हा किनारा कोणाचा रे? इथे राहते कोण? आणि आपल्या राज्याचा समुद्र कोणत्या दिशेला?" आम्ही भूगोलाचे पुस्तक काढले. महाराष्ट्राला लाभलेला किनारा पश्चिमेला, अरबी समुद्राचा. पुस्तकात त्याची लांबी ७२० किलोमीटर दिली आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, उगवत नाही. उगवता बघायचा तर पुरीला नाहीतर चेन्नईला जावे लागेल.

मग छत्र्या गेल्या आणि त्यांच्या जागी जाळी आली, होडी आली, बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव आले. माडामागे पोफळी आल्या. खाडीच्या तोंडाशी खारफुटी आली, कारण पांढरी चिप्पी हा आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे. २०२० साली तो जाहीर झाला. पाण्यात पापलेट काढले. २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरविले. आमच्या वर्गातल्या कोणी तो खाल्लेला नाही, पण राज्याचा मासा म्हणून सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला.

दिशेवरून एक नवीनच गंमत सुचली. आमच्या वर्गाचे दार पूर्वेला आहे. समोरची भिंत पश्चिमेची. फळा दक्षिणेला. उत्तरेची भिंत मोकळी. एक मुलगी म्हणाली, "बाई, उत्तरेकडं तोंड करून हुबं राह्यलं तर डावीकडं पश्चिम न् उजवीकडं पूर्व. नकाशासारखंच की!" मग साऱ्या वर्गाचाच नकाशा करायचे ठरले. पश्चिमेच्या भिंतीवर अरबी समुद्र, पूर्वेच्या भिंतीवर बंगालचा उपसागर आणि उत्तरेच्या भिंतीवर मधली जमीन. पूर्वेच्या भिंतीत दार असल्यामुळे बंगालच्या उपसागराला जागा थोडीच मिळाली. तेव्हा पालकहो, आपण आमच्या वर्गात येता ते बंगालच्या उपसागरातून येता, हे ध्यानात असू द्या!

आता अडचण आली पाण्याची. भिंत धुवायला, चुना भिजवायला, निळीचा रंग कालवायला पाणी लागते. आमच्या वस्तीवर तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होते. मी घरी येऊन उत्साहाने सांगितले, "आजी, आम्ही वर्गात समुद्र करायलोत!" आजी ज्वारी पाखडीत होती. तिने सूप खाली ठेवले.

"प्यायला घागर मिळंना, आन् भिंतीवर समुद्र? बाईला सांग, चित्राला पाणी नासू नका म्हणावं. बहात्तर सालच्या दुष्काळात मी तुझ्याएवढी होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची. पाण्याची बादली आली की पोरं आधी बोटं बुडवून चाटायची. तुमाला काय ठावं पाणी!"

मला वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितले. मला वाटले, बाई समुद्र रद्द करतील. बाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "आजी बरोबर बोलतात. पिण्याच्या हौदातले एक तांब्याही पाणी घ्यायचे नाही." मग आम्ही शालेय पोषण आहाराच्या जेवणानंतर हात धुतलेले पाणी घमेल्यात धरू लागलो. चार दिवस साठविले, फडक्याने गाळले आणि त्यातच चुना व नीळ कालवली. त्या पाण्यात भाताची शिते होती म्हणून एक जण म्हणाला, "आपल्या समुद्रात आधीपासूनच मासे हायेत!"

पण तेवढ्या रंगात आकाशच झाले. पाण्याला रंग पुरला नाही. तेव्हा माझी आजी स्वतः शाळेत आली. तिच्या हातात तिचे जुने निळे इरकली लुगडे होते, काठाला फाटलेले. म्हणाली, "घ्या. ह्यो तुमचा समुद्र. ह्याला पाणी लागत न्हाई." आज आपण जे निळे पाणी पाहता ते माझ्या आजीचे लुगडे आहे. फाटका काठ मुद्दाम खाली ठेवला आहे. तो लाटेच्या फेसासारखा दिसतो.

बाकीचे सामान गावातच मिळाले. वाळू तेरणेच्या पात्रातली. ती चाळून डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटविली. माडाचे खोड म्हणजे ज्वारीच्या धाटांची जुडी, तिच्यावर सुतळी गुंडाळलेली. झावळ्या ओढ्याकाठच्या शिंदीच्या. नारळाच्या करवंट्या मारुतीच्या देवळातून आणल्या. शनिवारी तिथे पुष्कळ नारळ फुटतात. होडी तुराट्यांची, शीड खताच्या पोत्याचे. माशांचे खवले चॉकलेटच्या चकचकीत कागदांचे. विकत आणावा लागला तो फक्त डिंक.

लुगडे भिंतीला खिळ्यांनी ठोकून टाकायचे असेच आम्ही ठरविले होते. तेव्हा बाईंनी भरती-ओहोटीचे सांगितले. समुद्र एका जागी राहत नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने पाणी चढते आणि उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. कोकणातले कोळी घड्याळाआधी तिथी बघतात. त्यांचा ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारापाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज असतो, मिनिटाचा हिशोब नव्हे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद माझ्या आजोबांना झाला! ते चौथीपर्यंतच शिकलेले, पण पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना तोंडपाठ आहे. घरातले कोणीच आता ती त्यांना विचारीत नाही. त्या आठवड्यात ते पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांकडून पाऊणकी म्हणून घेत होते.

मागच्या ओळीतला तो मुलगा इतके दिवस मुकाट्याने वाळू चाळत होता. तो उठून म्हणाला, "मंग लुगडं ठोकू नगा. वरून दोरी घालू. ओढली की पाणी वर जाईल, वाळू उघडी पडंल, ती व्हटी. सोडली की खाली येईल, ती भरती." त्याने दोन रिकामी रिळे खिळ्यांवर बसविली, त्यांवरून सुतळी घेतली आणि लुगड्याला अशी गाठ मारली की आजवर ती एकदाही सुटली नाही. मी विचारले, "ही गाठ कुठं शिकलास?" आमच्यातला अबोला मोडला तो असा. तो म्हणाला, "उसाची मोळी बांधायची गाठ हाय. आईनं शिकवली."

ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाळूत काय असते, म्हणून आम्ही तिथे खेकडे काढले आणि बाईंच्या बरणीतले शिंपले चिकटविले. पण ते थोडेच होते. मला आठवण झाली, आमच्या घरी तर कवड्या आहेत! आजी आराधी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन जोगवा मागते, तेव्हा तिच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. मी म्हणाले, "आजी, शाळेसाठी पाच-सात कवड्या दे ना." आजीने कानावर हात ठेवले. "देवीची माळ भिंतीला चिकटवीत्यात व्हय? तुळजापुरास्नं आणलीया."

"पण आजी, कवडी समुद्रातच मिळती."

"कायबी सांगू नगं. तुळजापुरात कुठाय समुद्र?"

शेवटी बाईंनीच आजीला वर्गात बोलावले. आजी माळ घालून आली. बाईंनी माळेला हात न लावता आम्हाला दाखविले. कवडी हे समुद्रातल्या गोगलगाईसारख्या एका प्राण्याचे कवच असते. तो प्राणी उबदार समुद्रात, खडकांच्या आणि प्रवाळांच्या आसऱ्याने राहतो. मालदीव बेटांवरून पूर्वी जहाजे भरभरून कवड्या आपल्या देशात येत, आणि बाजारात त्या नाण्यासारख्या चालत. म्हणून तर आपण 'कवडीमोल' म्हणतो आणि 'फुटकी कवडी देणार नाही' असेही म्हणतो. हे ऐकून मागे उभे असलेले एक पालक म्हणाले, "सोयाबीन कवडीमोल गेलं असं आम्ही रोजच म्हणतो, पण कवडी कसली ते आज कळलं."

आजी सगळे ऐकत होती. तिने माळ हातात घेतली, एक कवडी कानाला लावली, मग बोटाने चोळून पाहिली. म्हणाली, "म्हंजी चाळीस वर्सं मी समुद्र गळ्यात घालून हिंडले म्हण की!" सगळे हसले. ती स्वतःही हसली. माळ तिने दिली नाहीच. पण माळ तुटली तेव्हाची एक सुटी कवडी तिने घरी डब्यात जपून ठेवली होती, ती दिली. वाळूच्या उजव्या कोपऱ्यात आहे. कृपया हात लावू नये.

उत्तरेच्या भिंतीचे काम सर्वात मोठे होते. डावीकडे सह्याद्री, मध्ये बालाघाटचे डोंगर आणि आपला जिल्हा, उजवीकडे आंध्रचा किनारा. पावसाचे ढग कापसाचे केले. अरबी समुद्रावरून ते येतात, सह्याद्रीला अडतात आणि कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पाडतात. आपल्याकडे येईपर्यंत सातशे-आठशेच उरतो. आपण पर्जन्यछायेत आहोत. आम्ही त्या हिशोबाने कापूस लावला. कोकणावर जाड थर आणि आपल्यावर विरळ पुंजके. तरी लक्षात घ्या, तो विरळ पुंजकासुद्धा समुद्राचाच आहे. आपल्या विहिरीत जे पाणी आहे ते कधी ना कधी समुद्रात होते.

मग ते पाणी जाते कुठे? नकाशावर दोरा ठेवून आम्ही मोजले. आपल्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर. पण आपले पाणी तिकडे जात नाही! आपली तेरणा मांजरेला मिळते, मांजरा तेलंगणात कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून पुढे बंगालच्या उपसागराला. परंड्याकडची सीना आणि नळदुर्गची बोरी भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि कृष्णाही त्याच उपसागराला. म्हणजे पाऊस पश्चिमेच्या समुद्रातून येतो आणि पूर्वेच्या समुद्रात जातो. मध्ये आपण. जाताना आपल्या शेतात त्याने जरा जास्त थांबावे, म्हणून बांध घालायचे आणि शेततळी करायची, असे बाईंनी सांगितले.

तेरणेच्या निळ्या रेघेवर आपणास एक बैलगाडी दिसेल. ते तेर. गोरोबाकाकांचे तेर आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, तिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात येते. आणि समुद्रकिनाऱ्याकडचा मालही त्या नगरात येतो, असेही त्याने लिहिले आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तिथे सापडलेल्या जुन्या वस्तू ठेवल्या आहेत. त्यांतली हस्तिदंती बाहुली फार प्रसिद्ध आहे. तशाच घडणीची बाहुली इटलीतल्या पाँपेई या नगरात सापडली. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरणाकाठच्या माणसांना समुद्र ठाऊक होता. आम्हीच विसरलो होतो.

आणि भीमेवर एक मोठा निळा ठिपका आहे. त्याच्याभोवती गुलाबी पाखरे आहेत. खाली 'यशवंतसागर' असे लिहिले आहे. ते अक्षर त्या मुलाचे आहे. 'श' जरा वाकडा आला आहे, पण बाईंनी तो पुसू दिला नाही. ती पाखरे मी काढली. पाय किती लांब काढायचे ते त्याने शेजारी उभे राहून सांगितले. तेव्हा मी त्याला म्हणाले, "मी हसले ते चुकलं माझं." तो म्हणाला, "पाय आजून लांब कर."

वर्ग पूर्ण झाला तो दिवाळीच्या सुट्टीच्या आधी चार दिवस. त्या दिवशी भरतीची दोरी ओढण्याचे काम बाईंनी त्यालाच दिले. सकाळी प्रार्थनेनंतर एकदा आणि शाळा सुटताना एकदा. तिथी पाहायची, पाऊणकी करायची आणि त्याप्रमाणे पाणी वर घ्यायचे की खाली सोडायचे ते ठरवायचे. ज्या मुलाला पाढे येत नाहीत म्हणून आम्ही चिडवायचो, त्याला चार दिवसांत पाऊणकी पंधरापर्यंत पाठ झाली.

सुट्टीनंतर तो आला नाही. त्याच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती, त्यामुळे जाणे भागच होते. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते. पण त्याची आजी गेल्या वर्षी वारली आणि धाकट्या बहिणीला कोपीवर सांभाळायला कोणी नाही. बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. शेवटी जाताना त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड दिले, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. ज्या दिवशी त्यांचा ट्रॅक्टर निघाला त्या दिवशी सकाळी तो शाळेत आला, दोरी ओढली, मला म्हणाला, "आज व्हटी हाय," आणि गेला.

आता दोरीचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात मी एकदा तिथी चुकले आणि भर ओहोटीत भरती केली. कोणाच्या लक्षात आले नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. मग एका संध्याकाळी आईच्या मोबाइलवर फोन आला. फडावरून त्याच्या आईचा फोन होता, बोलत होता तो. काय बोलावे ते दोघांनाही सुचेना. तो म्हणाला, "आज दशमी हाय. भरती साडेसातला. बरोबर का?" मी बोटांवर हिशोब केला. दाहीपाऊण साडेसात. बरोबर होते. तेव्हापासून तो आठवड्यातून एकदा फोन करतो आणि एवढेच विचारतो. तो तिकडच्या शाळेत जातो का, ते मी दोनदा विचारले. एकदा म्हणाला, "जातो." एकदा म्हणाला, "बहीण तापली व्हती."

या कामातून मी काय शिकले ते सांगून निबंध पुरा करते. समुद्र लांब आहे असे मला वाटत होते. पण तो ढगांतून आपल्या शेतात येतो, तेरणेतून परत जातो, आजीच्या गळ्यात असतो आणि तेरच्या जुन्या वाटेवरही होता. तो मला दिसत नव्हता, कारण मी विचारले नव्हते. आणि ज्याने थोडेसे पाहिले होते त्याला मी हसले. पुन्हा कोणी वर्गात हात वर केला तर त्याचे पूर्ण ऐकून घ्यायचे, असे मी ठरविले आहे.

पालकहो, आमचा समुद्र जरूर पाहा. कोणी कोकणात देवदर्शनाला गेलात तर आमच्यासाठी दोन शिंपले आणा. जिवंत प्राणी आत असलेला मात्र उचलू नका. ज्यांची मुले कोयत्यावर बरोबर जातात, त्यांनी तिथल्या शाळेत हमी कार्ड दाखवून मुलाचे नाव घालावे, ही सातवीच्या वर्गाची नम्र विनंती.

आणि एक सूचना. पश्चिमेच्या भिंतीवरच्या दोरीला कृपया कोणीही हात लावू नये. तिची गाठ मोळीची आहे. पाडव्याला ज्याची दोरी त्याच्या हातात द्यायची आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी